निळ्या भिंतीवरचा पालथा हात

अहो,

तुम्हाला मी आयुष्यात एकच पत्र लिहिलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी गेले होते तेव्हा. नवऱ्याला काय लिहायचं ते सुचेना, म्हणून आमच्या म्हशीला रेडकू झालं आणि विहिरीला पाणी बरं आहे, एवढंच लिहून पाठवलं होतं. ते पत्र तुम्ही चौतीस वर्षं तुमच्या मोजणीच्या पेटीत जपून ठेवलंत, हे मला रविवारी कळलं. त्याच पेटीत, त्या पत्राच्या खाली तुम्ही आणखी काय ठेवलं होतं, तेही रविवारीच कळलं. म्हणून हे दुसरं पत्र.

आधीच सांगून ठेवते, हे रागाचं आहे. वर्षभर मी तुमच्याबद्दल कुणाजवळ वावगा शब्द काढला नाही. भेटायला येईल त्याला सांगत होते, साधा माणूस होता, मनात एक आणि ओठांवर एक असं त्यांनी कधी केलं नाही. गारखेड्यातल्या निम्म्या बायकांना मी हे सांगून बसलेय. आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ?

आत्ता मी पुढच्या खोलीत बसून लिहितेय. झोपायच्या खोलीतलं सगळं सामान इथं आणून टाकलंय. कॉट भिंतीला उभी केलीय, कपाटाचं तोंड खिडकीकडं आहे, आणि शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहिणं चाललंय. आत भिंतीवर हातभर अंतरावर दोन चौकोन आहेत. एक फिका निळा, एक गडद निळा. सलीमभाईंनी रविवारी लावले. उद्या सकाळी नऊला ते येणार आहेत आणि त्यांना माझ्याकडून एका शब्दाचं उत्तर पाहिजे. फिका की गडद.

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी सुटला होता ना? मीच सोडवला होता. आणि सोडवला म्हणून केवढी खूश झाले होते!

आठवतंय का बघा. दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. सलीमभाईंनी असेच दोन चौकोन लावून दाखवले होते. खरं तर आपल्याकडं आजवर फिकाच निळा लागत आला, आणि तोही तुमच्या हट्टानं. मी लग्न होऊन आले तेव्हा खुलताबादच्या त्या भाड्याच्या खोलीत तुम्ही स्वतः चुन्यात नीळ कालवून भिंतीला हात मारला होता. ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका होतो, घाबरू नको, असं मला पोरीला भूगोल शिकवावा तसं समजावलं होतंत. इथं गारखेड्यात घर झालं, चुना गेला, डिस्टेंपर आला, पण रंग तोच. आणि त्या दिवशी तुम्ही एकदम म्हणालात, ‘यंदा गडद लावू. फिक्याचा लई कंटाळा आला.’

मला हसूच आलं. खोलीला एक खिडकी, तीही शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडं उघडणारी. तिथं गडद निळा लावला तर भर दुपारी दिवा लावून बसावं लागेल. ‘झोपायची खोली करायचीय का वेरूळचं लेणं?’ असं मी म्हटलं. सलीमभाई हसले. तुम्ही हसला नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं, कारण माझ्या फालतूतल्या फालतू विनोदाला हसायची तुमची सवय होती.

मग तुम्ही स्वयंपाकघरातून एक पांढरी बशी घेऊन आलात. आधी ती फिक्या चौकोनासमोर धरलीत, मग गडद चौकोनासमोर. परत फिक्यासमोर. मी विचारलं, ‘भिंतीला चहा पाजताय का?’

‘बघतोय,’ एवढंच म्हणालात.

काय बघताय, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. मी लगेच मंजूला व्हिडिओवर बोलावलं. पुण्यात ऑफिसात बसलेल्या लेकीनं दोन्ही चौकोन बघितले आणि ‘फिका’ म्हणून मोकळी झाली. दोघी एकीकडं, तुम्ही एकटे. तुम्ही ती बशी हातात घेऊन उभे होतात. म्हणालात, ‘बरं. कर बाई तुझ्या मनासारखं.’ मी जिंकले. त्या आनंदात सलीमभाईंना चहाबरोबर चिवडाही दिला.

त्यानंतरच्या दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी मी रविवारपासून एकेक करून बाहेर काढतेय. त्या सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर घडत होत्या, आणि मी मात्र भलतंच काही समजत होते.

माझी जवळची नजर चाळिशीतच गेली. ब्लाऊज शिवायला बसले की सुईत दोरा ओवायचं काम तुमचं. तुम्ही मोजणी खात्यातले, नकाशावर केसाएवढी रेघ ओढणारे. दोन शेतकऱ्यांचं बांधावरून भांडण लागलं की साहेबच म्हणायचे, त्यांना बोलवा, त्यांची रेघ हलत नाही. दोरा ओवून झाला की सुई माझ्यासमोर धरून तुम्ही म्हणायचात, ‘डोळं असावं तर असं.’ आणि एक दिवस गुलमंडीवरून तुम्ही दोरा ओवायची ती पत्र्याची चकती आणलीत. ‘शिक आता. मी काय जन्माला पुरणार हाय?’ मी दोन दिवस रुसले होते तुमच्यावर. एवढंसं काम, तेही जड झालं का, असं वाटलं.

स्कूटर विकलीत. गुडघा दुखतो म्हणालात. पेपर बंद केलात. ‘रोज तेच तेच छापतात’ म्हणालात. आणि मी शेजारणीला सांगत होते, आमचे हे निवृत्त झाल्यापासून अगदी विरक्त झालेत.

आणि ती भिंत. नव्या रंगाला महिना झाला नाही तोच कॉटपासून दारापर्यंत, खांद्याच्या उंचीवर, हाताचे काळपट डाग पडायला लागले. किती बोलले मी तुम्हाला! ‘भिंतीला धरून चालायला एवढे म्हातारे झालात का? नवा रंग आहे, जरा तरी जीव आहे का घरावर?’ मी ओल्या फडक्यानं पुसायला जायचे, रंग फडक्यावर यायचा आणि डाग आणखी पसरायचा. मग काही दिवसांनी डाग पडायचे थांबले. मला वाटलं, बरं झालं, बोललेलं लागलं.

त्याच सुमारास तुमच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, बोटांच्या पेरांवर, निळसर पूड दिसायला लागली. ‘खडू घेऊन कुठल्या शाळेत शिकवायला जाता का?’ असं मी चिडवायचे. तुम्ही हात पायजम्याला पुसून टाकायचात.

आता वेरूळ. इथं माझा हात थांबतोय, पण लिहितेच. संक्रांतीच्या सुट्टीत मंजू आली होती आणि आपण तिघं लेणी बघायला गेलो. आयुष्यभर शेजारी राहून किती वेळा बघितली असतील, तरी पाहुणा आला की वेरूळ, लेक आली की वेरूळ. लख्ख ऊन होतं. पायऱ्या चढून आतल्या अंधारात शिरायच्या आधी तुम्ही माझा हात धरलात. तुम्ही! लग्नात भटजींनी सांगितलं तेव्हा धरला होता आणि त्यांनी मान वळवली तशी सोडून दिला होता. त्यानंतर चारचौघांत कधी बोटालासुद्धा स्पर्श केला नव्हता. मी म्हटलं, ‘सोडा की, लोक बघतात.’

‘बघू दे,’ म्हणालात.

सगळी लेणी बघून बाहेर गाडीपाशी येईपर्यंत तुम्ही हात सोडला नाही. मंजूनं मागून फोटो काढला. मला पार लाजल्यासारखं झालं, आणि घरी आल्यावर मी तो फोटो बहिणीला पाठवला. म्हातारपणी सुधारले बघ, असं लिहून. तुम्ही गेल्यावर रडू आलं की मी फोनमध्ये तोच फोटो काढून बघायचे. एवढं तर मिळालं ना आपल्याला, असं म्हणायचे.

रविवारपासून तो बघवत नव्हता.

गेल्या भाद्रपदात तुम्ही गेलात. सकाळचा चहा झाला, छातीत कळ आली, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं. लोक जमायच्या आधी थोडा वेळ आपण दोघंच होतो. तुमचा उजवा हात माझ्या मांडीवर होता आणि पेरांवर ती निळी पूड होती. मी पदरानं पुसून काढली. माणूस स्वच्छ जावा म्हणून.

यंदा वर्षश्राद्ध झालं. मंजू म्हणाली, आई, दिवाळीच्या आधी खोली रंगवून घे, ओल आलीय, रंग हाताला लागतोय. म्हणून सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी सामान हलवलं, दोन चौकोन लावले. मी दारातूनच म्हटलं, ‘फिकाच द्या सलीमभाई. साहेबांची हयात फिक्यात गेली. मध्येच काय गडदचं खूळ घेतलं होतं देव जाणे.’

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले.

‘भाभी, एक बात बोलू क्या? साहब मेरेसे जबान लिये थे, किसीकू बोलना नक्को करके. अब साहबच नै रहे.’

‘बोला ना.’

‘साहबकू दिखता नै था.’

मी आधी हसलेच. म्हटलं, ‘कुणाला? आमच्या यांना?’ मग ते मराठीत आले. नीट काही सांगायचं असलं की ते मराठीत येतात, तुम्हाला माहीत आहे.

‘बाजूचं सगळं गेलं होतं त्यांचं, भाभी. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं. काचबिंदू म्हणतात ना. फिक्या भिंतीवर पांढरं बटण, पांढरी चौकट, काय उमगायचं नाही. भिंत गडद असली की बटण उठून दिसतं, दार उठून दिसतं. म्हणून तर ती बशी आणली होती. मला खाली टपरीवर घेऊन गेले आणि सांगितलं सगळं. मी बोललो, भाभीला सांगा, त्या काय नाही म्हणणार आहेत का? तर बोलले, नक्को.’

मी दाराला धरून उभी होते. त्यांनी मला आत, भिंतीजवळ नेलं. हात खाली सोडला की बोटं जिथं येतात, तेवढ्या उंचीवर एक घासलेली पट्टी होती. तिथला रंग झिजून आणखी फिका पडला होता. कॉटच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत, सरळ. तुमच्या रेघेसारखी सरळ.

‘हा साहबका रस्ता,’ सलीमभाई म्हणाले. ‘गेल्या वर्षी पावसाळ्यात ओल बघायला आलो होतो, तेव्हा बघितलं मी. पालथ्या हातानं चालायचे. तळहाताचे डाग पडतात आणि तुम्ही बोलता म्हणून.’

म्हणजे माझ्या बोलण्यानं तुमचं भिंत धरणं थांबलं नव्हतं. तुम्ही फक्त हात उलटा केला होता.

सांगा मला, रंगाऱ्याला सांगता येतं आणि बायकोला येत नाही? सलीमभाई भला माणूस आहे, वीस वर्षं आपलं घर रंगवतोय, पण तुमची बायको मी आहे. एका खोलीत झोपत होतो आपण. तुम्ही त्याच भिंतीवरून चाचपडत जात होता आणि मी कॉटवर बसून म्हणत होते, केवढा वेळ लावता हो मोरीत जायला! हे मला बोलू दिलंत तुम्ही. दिवसच्या दिवस बोलू दिलंत. आता ते सगळे शब्द माझ्याकडं परत आलेत आणि ते कुठं ठेवायचे ते मला कळत नाही.

मी सलीमभाईंना विचारलं, का नको म्हणाले? ते सांगेनात. मी सोडलं नाही. तेव्हा खाली बघत म्हणाले, ‘साहेब बोलले, तिनं माझ्या आईचं सात वर्षं केलं. आई गेली त्या दिवशी ती सुटले म्हणाली. तिला परत त्याच खुंट्याला कसं बांधू?’

म्हटलं होतं मी. खोटं कशाला बोलू? तुमच्या आईची नजर गेली त्यानंतर सात वर्षं त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, पदर धरून मोरीत नेलं. त्या गेल्या, पाहुण्यांचा स्वयंपाक उरकला, आणि स्वयंपाकघरात मी बहिणीजवळ म्हटलं, सुटले बाई, आता परत हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. तुम्ही दारात असणार. पाणी प्यायला आला असाल. पण अहो, सात वर्षं तुम्ही बघितलीत ना? एका दमलेल्या बाईच्या एका वाक्यावरून तुम्ही मला ओळखलंत? त्या सात वर्षांवरून ओळखावंसं नाही वाटलं?

वाटलं असतं तर तुम्ही मला सांगितलं असतं. मी रडले असते, भांडले असते, आदळआपट केली असती. आणि दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना म्हटलं असतं, सगळं घर गडद करा, छतसुद्धा करा. तुम्ही मला तेवढं करू दिलं नाहीत. तुम्ही समजत असाल की माझी सुटका केलीत. मला तर तुम्ही घरातल्या घरात परकी केलंत.

सलीमभाईंना मी चार दिवस येऊ नका म्हटलं आणि तुमची मोजणीची पेटी उघडली. तिला मी कधी हात लावला नव्हता. तुमच्या पट्ट्या, कंपास, बारीक निबाचे पेन, वर माझं ते म्हशीचं पत्र. त्याखाली डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या, तीन रिकाम्या आणि एक अर्धी. त्याखाली डॉक्टरांची फाईल. तारीख त्या बशीच्या दिवसाच्या महिनाभर आधीची. तुम्ही डॉक्टरांना गाठलंत तोवर फार उशीर झाला होता, उरलेली नजर राखायची एवढंच हातात होतं, इतकं मला वाचून समजलं.

आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती. हा आजार घराण्यात उतरतो, तरी रक्ताच्या नात्यातल्या सर्वांनी डोळे तपासून घ्यावेत.

त्या ओळीखाली तुम्ही रेघ ओढली होती. पट्टी लावून, केसाएवढी बारीक. ती तुमचीच रेघ, मी ती हजारांत ओळखेन. म्हणजे तुम्ही ती ओळ वाचली होती. म्हणजे तुम्हाला समजलं होतं की आई म्हातारपणानं आंधळी झाली नव्हती. आधी आई, मग तुम्ही. आणि मग?

माझ्यापासून लपवलंत, ते माझ्या सोयीसाठी असं एक वेळ म्हणू. पोरीपासून कशासाठी लपवलंत? ती व्हिडिओवर समोर होती, हसत होती, फिका म्हणत होती. सांगेन सांगेन म्हणून राहिलं का? भीती वाटली का? तिला सांगितलं तर ती मला सांगेल, एवढीच अडचण होती का? रविवारपासून मी तुमच्या बाजूनं सतरा कारणं शोधली. एकही माझ्या गळ्याखाली उतरत नाही. तुम्ही लोकांच्या शेतात वीतभर जमीन इकडची तिकडं होऊ दिली नाहीत, आणि स्वतःच्या लेकीच्या बाबतीत हे?

मंजूला मी त्याच संध्याकाळी फोन केला. कारण न सांगता म्हटलं, डोळे तपासून घे. ती म्हणाली, आई, मला छान दिसतं. मग सांगावंच लागलं, तुझ्या आजीला झाला होता तो काचबिंदूच होता आणि तो घराण्यात उतरतो. तुमचं नाव मात्र घेतलं नाही.

आज दुपारी तिचा फोन आला. डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. दाब वाढलेला आहे. लवकर आलात, रोज थेंब घाला, वेळच्या वेळी दाखवा, म्हणजे नजर राखता येईल, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऐकताना भीतीही वाटली आणि जिवात जीवही आला, दोन्ही एकाच वेळी. दोन वर्षं उशिरा कळलं. सलीमभाईंनी जबान पाळली असती तर अजूनही कळलं नसतं.

मग तिनं विचारलं, ‘आई, तुला एकदम कसं काय कळलं? बाबांना माहीत होतं का?’

माझ्या ओठांवर ‘नव्हतं’ आलं होतं. समोर तुमचा हार घातलेला फोटो होता. तिच्या मनातले बाबा आहेत तसे राहू देत, पोरीला आधीच एक धक्का बसलाय, आणखी कशाला, असं वाटलं. आणि मग लक्षात आलं की मीही तुमच्यासारखाच पालथा हात फिरवायला निघालेय.

म्हटलं, ‘माहीत होतं. त्यांनाही तेच होतं. जाईपर्यंत लपवलं त्यांनी, माझ्यापासून आणि तुझ्यापासून.’

तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. रडत असावी. मग म्हणाली, ‘म्हणून वेरूळला तुझा हात धरला होता?’

तुमची लेक आहे. नेमक्या जागी बोट ठेवलं. फोन ठेवला आणि रविवारपासून बंद ठेवलेला तो फोटो मी उघडला.

आपण दोघं पाठमोरे. तुमच्या उजव्या हातात माझा हात. मंजूनं पायऱ्यांच्या तळाशी उभं राहून काढलाय, त्यामुळं सगळा जिना दिसतो. आणि तुमच्या डाव्या बाजूला, अगदी हाताशी, स्टीलचा कठडा आहे. उन्हात चकाकतोय. काळ्या दगडावर तो इतका उठून दिसतोय, जशी गडद भिंतीसमोर पांढरी बशी. तुमचा डावा हात मोकळा, नुसता लोंबतोय.

तो कठडा तर तुम्हाला दिसला असणार ना? मग तो सोडून माझा हात का धरलात?

हे मी तुम्हाला खरोखर विचारतेय. तुम्ही सांगणार नाही हे माहीत असूनही विचारतेय, तसंही जिवंतपणी तुम्ही कुठं सांगितलं होतं? एवढ्यावरून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मंजूच्या दोन वर्षांसाठी तर मुळीच केलेलं नाही. पण तो फोटो फोनमधून काढून टाकायचा ठरवलं होतं, तो मी ठेवलाय.

आता रंगाचं. उद्या सलीमभाईंना गडद सांगणार आहे. तुमच्यासाठी नाही हो. तुम्हाला हवा होता तेव्हा मी तो दिला नाही, आता देऊन कुणाला दाखवू? मंजू दिवाळीला येणार आहे, याच खोलीत झोपणार आहे. तिला आज सगळं दिसतं आणि पुढंही दिसत राहो. तरी बटण उठून दिसलेलं बरं. दिवसा दिवा लावावा लागला तर लावू. लेणं तर लेणं.

आणि तुम्हाला शब्द देते. तिच्या डोळ्यांत थेंब मी स्वतः घालेन, उघडपणे, पुढच्या खोलीत, शेजारणी बसलेल्या असल्या तरी. माझं काही दुखलंखुपलं तर आधी लेकीला सांगेन, रंगाऱ्याला मागाहून. आणि तिनं कुठल्या पायरीवर माझा हात धरला, तर का धरला ते मी तिला तिथंच विचारेन.

सलीमभाई आधी भिंत घासणार, मग रंग लावणार. दुपारपर्यंत तुमचा रस्ता राहणार नाही. त्याला माझा नाइलाज आहे. पण ते नऊला येतात आणि मी सहाला उठते. उद्या डोळे मिटून, उजवा हात पालथा करून, मी कॉटच्या जागेपासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत एकदा चालत जाणार आहे. हाताला निळी पूड लागेल. या वेळी पुसणार नाही.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच,
शोभा